बोरसेंचा घोडा

ताईबाईची लेक सुंदरबाई, सुंदरबाईची लेक बेबाबाई आणि बेबाबाईची लेक ही मंजुळा. आडनावे सांगण्यात अर्थ नाही. ती प्रत्येकीची निराळी, कारण प्रत्येकीला घर निराळे मिळाले, गाव निराळे मिळाले, सासूचा जाच तेवढा सारखा मिळाला. आईकडून लेकीकडे जे आले ते शेत नव्हते, सोनेही नव्हते. तो एक उजवा हात होता. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चुना, गेरू, नीळ आणि काजळ या चार जिनसांतून समोरासमोर दोन घोडे उभे करणारा हात. ताईबाईने तो चाळीसगावच्या बाजूला चालवला, सुंदरबाईने बोरी नदीच्या काठी, बेबाबाईने पारोळ्याच्या आसपास. आणि मंजुळेने तो धुळ्यातल्या एका चित्रकला महाविद्यालयात, शेवटच्या वर्षाच्या मुख्य चित्रासाठी, चार फुटी कॅनव्हासवर चालवला. साल एकोणीसशे त्र्याण्णव, महिना मार्चचा. त्या मंगळवारी सकाळी ती वर्गात शिरली तेव्हा तिच्या उजवीकडच्या घोड्याच्या तोंडावर कोणीतरी कोळशाच्या कांडीने गोल काढून ठेवला होता आणि त्याखाली, कॅनव्हासवरच, ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : अपूर्ण.

राग आधी डोक्यात गेला नाही. तो बोटांत उतरला. बोटे आखडली, तळहात ओला झाला आणि पाच वर्षे नाकाच्या अंगवळणी पडलेला टर्पेंटाइनचा वास एकाएकी झोंबू लागला. चित्र वाईट म्हटले असते तर तिने ऐकून घेतले असते. पण हा गोल चित्राविषयी काही बोलत नव्हता. शाळेच्या गणिताच्या वहीत चुकलेल्या आकड्याभोवती मास्तर काढतात तसा तो होता, आणि तो काढणाऱ्या हाताला रंग ओला आहे की सुकला हेही पाहावेसे वाटले नव्हते. घोड्याच्या गालफडावरचा तांबडा रंग कोळशाबरोबर खरवडून निघाला होता. मागून कोणीतरी हसून म्हणाले, "काय डबल डिग्री, घोडा आंधळा सोडला होय?" आणि दुसऱ्याने लगेच जोड दिली, "तिचा एक डोळा जळगावला असतो ना रविवारी!" ती वळली नाही. खिडकीशी पाण्याचे माठ भरत असलेल्या जीवराम शिपायाला तिने विचारले, "नाना, हे कोणी केलं?"

"कोण करणार? दुसऱ्या कोणाची टाप आहे?" जीवरामनानांनी माठावर झाकण ठेवले. "काल संध्याकाळी सर आले. चष्मा काढला, चष्मा लावला, परत काढला. पाच मिनिटं तुझ्या घोड्यापुढे उभे. मग म्हणाले, जीवराम, कोळसा दे. मला आपलं बरं वाटलं, म्हटलं आज स्वतः काहीतरी काढतायत. वीस वर्षं नोकरी झाली माझी, सरांना काही काढताना पाहिलं नाही."

सर म्हणजे बोरसे सर, विभागाचे प्रमुख. मुंबईला शिकून आलेले, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, बोटांना रंगाचा डाग नाही. त्यांच्या खोलीत कोणी विचारल्याशिवाय जात नसे, मंजुळा गेली. "सर, माझ्या चित्रावर तुम्ही लिहिलंत?" सर म्हणाले, "तुझ्या नाही, परीक्षेच्या. डोळा राहिलाय तुझा. विसरलीस?" आणि इथे तिला प्रथमच कळले की ती विसरली नव्हती. डावीकडच्या घोड्याचा डोळा तिने भरला होता, उजवीकडच्याशी येऊन ब्रश आपोआप खाली गेला होता, तिने तो पुसला होता आणि शेजारच्या नवरीच्या पदराचे काम हाती घेतले होते. त्यात ठरवण्यासारखे काही घडलेच नव्हते, जसे जेवताना डावा हात ताटाकडे जात नाही तसे. "विसरले नाही, सर. तो मी लावायचा नसतो." "मग कोणी लावायचा? मी?" सर हसले. "ज्याची भिंत, त्याच्या घरातल्या थोरल्या बाईनं," ती म्हणाली. हसू होते तिथेच थांबले. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, गरजेपेक्षा फार वेळ पुसला. "गाव कोणतं तुझं?" "पारोळ्याजवळचं." "आणि आईचं माहेर?" तिने नाव सांगितले. "बोरीच्या काठाला आहे, सर." सरांनी चष्मा चढवला. "हे बघ, मंजुळा. ही भिंत नाही, कॅनव्हास आहे. इथे लग्न नाही, परीक्षा आहे. असल्या चालीरीती तुझ्या त्या इतिहासाच्या पेपरात लिही, तिकडे मार्क मिळतील. शनिवारी दुपारी बाराच्या आत डोळा भरून चित्र जमा कर. नाही केलंस तर शून्य लिहीन आणि वर्ष जाईल. चाळीसगावच्या शाळेतली चित्रकलेची जागाही जाईल. मीच शिफारस केली आहे तिथे." "आणि भरला तर?" "तर पहिली येशील. या वर्गात दुसरं आहे कोण?" या शेवटच्या वाक्याने तिच्या कानशिलांवर जी आग पेटली ती शून्याच्या धमकीने पेटली नव्हती. म्हणजे त्यांना चित्र दिसले होते. सगळे दिसले होते, आणि तरी गोल काढला होता.

इतिहासाच्या पेपरात लिही! तिने लिहिलेच होते. चित्रकलेची पदविका धुळ्याला आणि इतिहासाची पदवी, जमेल तसे पेपर देत, जळगावहून बहिःस्थ म्हणून. रविवारी जळगावला मार्गदर्शनाचे वर्ग, पहाटेची एसटी, पारोळा, एरंडोल, गुडघ्यावर वही, आणि शिवकालीन महसुलाच्या टिपणांवर निळ्या रंगाचा अंगठा. हे दुहेरी जोखड तिने हौसेने घेतले नव्हते. वडील वरणगावच्या कारखान्यात, बारावीनंतर ते म्हणाले होते, "चितारी लोक उपाशी मरतात. बी.ए. हो, मग काय त्या रेघोट्या ओढायच्या त्या ओढ." आईने चुलीपुढून मान वर न करता उत्तर दिले होते, "नुसतं वाचीसन काय करशी? हात मरी जाई." दोघांच्याही आज्ञा पाळायच्या म्हणून तिने दोन्ही फॉर्म भरले. पहिल्या वर्षी ती आज्ञाधारक होती. तिसऱ्या वर्षापर्यंत ती अधाशी झाली. भिल्लांच्या उठावाची टिपणे वाचताना तिला डोंगरांचे रंग दिसू लागले, आणि उघड्या पाठीचे रेखाटन करताना त्या पाठीवरून कोणते कर, कोणती ओझी, कोणते दुष्काळ गेले असतील ते दिसू लागले. हे ती कोणाला सांगू शकत नव्हती. चित्रकलेच्या वर्गात ती 'वाचणारी' होती आणि इतिहासाच्या वर्गात 'चित्रे काढणारी', म्हणजे दोन्हीकडे पाहुणी. आणि पाहुण्याला जेवायला वाढतात, घरातले काही सांगत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी तिने 'लग्नाच्या भिंती' या विषयावर चाळीस पानी निबंध जळगावला दिला होता. इतिहासाच्या मॅडम भल्या होत्या, आवाज मऊ होता. "छान लिहिलंयस गं. पण साधनं? एक कागद नाही, एक शिलालेख नाही. आईनं सांगितलं, आजीनं सांगितलं, यावर इतिहास उभा राहत नाही. तू असं कर, हे तुझ्या चित्रकलेच्या लोकांना दे. त्यांना आवडेल." इकडचे म्हणत होते तिकडे लिही, तिकडचे म्हणत होते इकडे दे. दोन शेतांमधल्या बांधावर चढलेल्या गुराला दोन्ही बाजूंचे धनी जसे हाकलतात, आणि दोघांनाही वाटते की आपण सभ्यपणे वागलो.

बुधवार तिने जिन्यावर बसून घालवला. कॅनव्हाससमोर जाववेना. पाचव्या वर्षी पाहिलेली एक भिंत सारखी पुढे येत होती. कोणाचे लग्न ते आठवत नाही. आजी सुंदरबाई बाजेवर उभी, तोंडात सुपारी, आई खालून गेरूची वाटी वर देते आहे आणि मंजुळेचे काम एवढेच की शेळ्यांना भिंतीजवळ येऊ द्यायचे नाही. तीन दिवसांनी घोडे झाले, नवरा-नवरी झाली, चंद्र-सूर्य झाले. उजवा घोडा मात्र पांढऱ्या डोळ्याचा राहिला. तिने विचारले तर आजी म्हणाली, "तो आपला नाही." दुसऱ्या दिवशी नवरी घरात आल्यावर वऱ्हाडाची गर्दी ओट्यापुढे थांबली. त्या घरची थोरली बाई काजळाची वाटी घेऊन आली, तिने बोट बुडवले, घोड्याला डोळा लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडली, "ही भिंत सुंदरबाईची!" शिधा आणि खण आदल्या दिवशीच मिळालेला असे, ते कष्टाचे. नाव हाताचे. ज्या गावात बाई जन्मभर अमक्याची सून, तमक्याची माय म्हणून हाकारली जाते, आणि मेल्यावरही त्याच नावाने आठवली जाते, तिथे आजीचे स्वतःचे नाव भर उन्हात, पुरुषांच्या देखत, मोठ्याने उच्चारले गेले होते. आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि सुपारी गिळली होती. बस, एवढेच. पण त्या संध्याकाळी परतताना ती वाटेवर जरा पुढे पुढे चालत होती. घरच्यांनी डोळा लावला नाही तर? असे मंजुळेने विचारले होते तेव्हा आई म्हणाली होती, "मग तो बोरसेंचा घोडा."

घरातली ही म्हण होती. शेजारणीने पाटा नेला आणि न बोलता आणून टाकला, की बोरसेंचा घोडा. वडिलांनी भरीत बोटे चाटून खाल्ले आणि चांगले झाले म्हणून सांगितले नाही, की हाही बोरसेंचा घोडा. म्हणीतला घोडा कोणाचा हे कोणी विचारत नाही, तसे तिनेही कधी विचारले नव्हते, आणि बोरसे काय, खान्देशात पावलोपावली. म्हणून गुरुवारी ती पारोळ्याला उतरून घरी गेली तेव्हा तिला फक्त आईपुढे बसून रडायचे होते, किंवा भांडायचे होते. दोहोंतले काय ते तिचे तिला ठरवता आले नव्हते. आई भाकरी थापत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. "तुना सरनं नाव काय?" "बोरसे." "कोनता बोरसे?" मंजुळेने सरांच्या गावाचे नाव सांगितले, खोलीतल्या एका जुन्या प्रशस्तिपत्रावर तिने ते वाचले होते, आणि ते आईचेच माहेरगाव आहे हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवे होते, पण एवढ्या मोठ्या माणसाला गाव असते हे तिच्या मनातच आले नव्हते. आईचे हात परातीत थांबले. "मुंबईथून चित्र शिकीसन ऊना तो?" ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून, पाण्याचा हात फिरवून, कोरड्या आवाजात : "त्यानाच तो घोडा."

एकसष्ट सालची गोष्ट. बेबाबाई तेरा वर्षांची होती. बोरसेंच्या मुलाचे लग्न, सुंदरबाईने तीन दिवस भिंत काढली. खूर उचललेले घोडे, आयाळीचा केसन् केस वेगळा. पुढे जन्मात तशी भिंत तिला जमली नाही. डोळ्याच्या दिवशी मायलेकी ठेवणीतली लुगडी-परकर नेसून ओट्यासमोर गेल्या तेव्हा भिंत पांढरी होती. चुना अजून ओघळत होता. नवऱ्या मुलाचे दोन मुंबईचे मित्र दुपारच्या गाडीने येणार होते आणि आपल्या दारावर असली गावठी चित्रे त्यांनी पाहावीत हे त्याला खपले नाही. पहाटे स्वतः कुंचा घेऊन त्याने भिंतीवर चुना फासला. घरची थोरली बाई, त्याची आई, दारात काजळाची वाटी घेऊन उभी होती. ती सुंदरबाईकडे पाहत राहिली, बोलली नाही. सुंदरबाई वळली. त्यानंतर पंचवीस वर्षे, मरेपर्यंत, ती त्या गल्लीतून गेली नाही. पाण्याला जायचे तर चर्मालयाच्या मागून लांबचा फेरा घेऊन गेली. आईने हे सांगितले आणि भाकरी उलटली. मंजुळेला जेवण गेले नाही. मंगळवारचा राग पोरकट होता, हे तिला दिसले. तो एका गोलाचा राग होता. तो माणूस पाच मिनिटे उभा होता. त्याला पाहताक्षणी कळले होते की हा हात कोणाचा, हा रिकामा डोळा कशाचा. बत्तीस वर्षांनी ती भिंत चालत चालत त्याच्या वर्गात आली होती, आणि त्याने पुन्हा कुंचाच उचलला होता. या वेळी फक्त पांढऱ्याऐवजी काळा.

शुक्रवारी तिने काळा रंग कालवला. खोटे कशाला बोला, कालवला. बारीक ब्रश घेऊन ती घोड्यासमोर उभी राहिली आणि मनाशी सरळ हिशेब मांडला : एक ठिपका, आणि पुढे जूनपासून चाळीसगावची शाळा, स्वतःचा पगार, वडिलांची मान वर, पाच वर्षांच्या पायपिटीचे सार्थक. ठिपका कोणाला दुखवणार होता? आजी नव्हती. आईने 'लावू नको' असे म्हटले नव्हते. तिने काहीच म्हटले नव्हते, आणि हेच असह्य होते. ब्रशचे टोक डोळ्याच्या जागेपासून बोटभर अंतरावर आले. मागे पावले थांबली. "भरलास?" बोरसे सरांचा आवाज. तिने ब्रश तसाच धरला. "सर, तुमच्या गावच्या घराची दर्शनी भिंत अजून तीच आहे?" सर एक पाऊल जवळ आले आणि वर्गातल्या दोघातिघांनी माना वर केल्या. मग ते हलक्या, जवळजवळ मायेच्या सुरात म्हणाले, "चुन्याखाली काही राहत नाही, मंजुळा. उगाच जुनं उकरू नकोस. उद्या बारा वाजेपर्यंत," आणि निघून गेले. तिने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. चुन्याखाली काही राहत नाही! चित्रकलेच्या प्राध्यापकाने हे वाक्य बोलावे! दुसऱ्या वर्षी यांनीच फळ्यावर भिंतीचे थर काढून शिकवले होते की उघडे चित्र ऊन खाते, पाऊस खातो, माणसाचे खांदे खातात. चुन्याखाली गेलेले मात्र जपले जाते. त्यांना विसर पडला नव्हता. त्यांना ते खोटे असायला हवे होते. आणि तिकडे जळगावला मऊ आवाजात विचारले गेले होते, साधनं? तिने रंग कालवण्याची सुरी, एक मऊ कुंची आणि परत आलेला तो निबंध पिशवीत टाकला. कोणावर सूड घ्यायचा असा विचार तिच्या मनात नव्हता. तिला कोणीतरी एकदा, एकदाच, समोर उभे राहून खरे बोललेले ऐकायचे होते.

शनिवारी सकाळी साडेआठला ती त्या गावात उतरली. बोरसेंचे घर विचारावे लागले नाही. गल्लीतले एकुलते दुमजली, वर टीव्हीचा अँटेना, ओट्यावर स्कूटर. दर्शनी भिंत निळ्या डिस्टेंपरची. ओट्यावर कोणी नव्हते, आणि ते बरे झाले, कारण परवानगी मागण्याइतका नम्रपणा तिच्यात उरला नव्हता. आईने सांगितले होते, दाराच्या उजवीकडे, छातीच्या उंचीला. तिने सुरी आडवी धरून निळा पोपडा उचलला. दुसरा उचलला. आतून आवाज आला, आणि आवाजाच्या मागोमाग नऊवारीतली, ताठ कण्याची, सत्तरी केव्हाच उलटलेली बाई.

"कोन व तू? आनि मनी भीतले काय करी राहिनी?"

"खरवडतेय, आजी."

"ते माले दिखस. कोनी धाडी तुले?"

"सुंदरबाईनं."

म्हातारीने दाराची चौकट धरली. "सुंदरबाई मरी गई," ती म्हणाली.

"तिची नात मी. बेबाबाईची मंजुळा. धुळ्याच्या कॉलेजात चित्रं शिकते."

ही कुंदाबाई, सरांची आई. ती ओरडेल, माणसे बोलावेल, अशी मंजुळेची तयारी होती. तिला तर ते हवेच होते. पण कुंदाबाई बराच वेळ तिच्या हाताकडे पाहत राहिली, सुरी धरलेल्या बोटांकडे, आणि मग एकदम खेकसली, "पहिले पानी मार! कोरडं खरवडशी ते पोपडासंगे घोडा बी निंघी जाई. इतलं शिकाडं नही का कॉलेजमा?" आणि आत जाऊन स्वतः तांब्या घेऊन आली. पाणी मारले, थांबले, सुरी निजवून फिरवली. निळा गेला; खाली पिवळा. "टीव्ही लयना त्या वरीसना," कुंदाबाईने मागून सांगितले, कोणी विचारले नव्हते तरी. पिवळा गेला, खाली पांढऱ्यावर पांढरा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. मध्येच एक धुरकट काळी रेघ. "दुष्काळ. बहात्तरना. ओटावर गल्लीनी चूल मांडेल व्हती." त्याखाली एक थर नेहमीपेक्षा मळका. "त्या दिवाळीले चुना नही दिधा. सासरा मरेल व्हता." मंजुळेने सुरी खाली ठेवली, निबंध काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर एकेक थर लिहू लागली, रंग, जाडी, साल, सांगणारीचे नाव. लिहायचे, खरवडायचे, पुन्हा लिहायचे, आणि मधल्या मधल्या वेळात सरांचा गोल, शून्याची धमकी, सगळे कुंदाबाईला सांगायचे. पाच वर्षांत प्रथमच तिला एका घरात दोन ताटे वाढलेली वाटली नाहीत. एकच भूक होती. पण राग गेला नव्हता; तो सुरीच्या पात्यासारखा पातळ आणि कामाचा झाला होता. साडेअकराच्या सुमारास शेवटचा चुना सुटला. तो नीट दिलेला नव्हता, कुंच्याचे फटकारे वेडेवाकडे, घाईचे. आणि त्यांच्याखाली गेरूची तांबडी आयाळ, केसन् केस वेगळा, जणू काल काढलेला. मग कान. मग गालफड. मग एक बदामाएवढी कोरी जागा.

मंजुळेने मागे पाहिले नाही. भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "तुम्ही दारात उभ्या होतात. वाटी हातात होती. तुम्ही तरी का बोलला नाहीत?" कोणी असे विचारण्याची कुंदाबाईला सवय नव्हती. "दादला व्हता, सासरा व्हता, पोरगा मुंबई शिकेल. मी कोन?" "थोरली बाई होतात. डोळा तुमचा होता, त्यांचा नव्हता." उत्तर आले, आणि त्यात पहिल्यांदा म्हातारपण होते. "माले वाटनं, आज नही ते उद्या सांगसू. उद्या उद्यामा बत्तीस वरीस गयात, माय." मग तोच आवाज पुन्हा ताठ झाला. "आनि त्या तुना सरले सांग, सोमवारे माय येवानी शे धुळ्याले. काय लिखस त्यानं तोंड दखसू मी." मंजुळेने सांगितले की सोमवारी काही उपयोग नाही; बारा वाजता चित्र जमा व्हायचे होते, आणि ते होणार नाही. "कितला वाजनात?" कुंदाबाईने विचारले. आत भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटे होती. बाराच्या आत धुळ्याला पोचवणारी शेवटची एसटी पकडण्याचा प्रश्न दोन तासांपूर्वीच संपला होता. सुरी पिशवीत टाकताना, शुक्रवारीच, संपला होता. आत्ता जीवरामनाना वर्गाला कुलूप लावायला निघाले असतील. सर यादीत तिच्या नावापुढे लिहीत असतील. वर्ष गेले, चाळीसगाव गेले. वडिलांना हे कसे सांगायचे ते उद्या पाहू. तिला वाटले होते छातीत काहीतरी तुटेल, पण तिथे फक्त कडक, कोरडी, स्वच्छ जागा होती.

कुंदाबाई आत गेली. बाहेर आली ती दुसरे लुगडे नेसून, कपाळाला कुंकू नव्हते तिथे नुसता पदर ओढून, आणि हातात काजळाची वाटी. ओट्याच्या कडेला उभी राहून तिने गल्लीत हाक दिली, "ओ लताबाई! दारं लोटा मंग, बठ्ठ्या या व आठे!" बायका आल्या, कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या कडेवर मूल. निळ्या भिंतीला पडलेले खिंडार आणि त्यातून बाहेर आलेले घोड्याचे तोंड पाहून कुजबुज झाली. एकीने विचारले, "विधवा बाईनी चाले का, मावशी?" "भीत मनी, डोया मना," कुंदाबाईने तिच्याकडे न पाहता सांगितले, "चालाडनारी मी." तिने बोट बुडवले. तिने तो हात दुसऱ्या हाताने मनगटाशी धरला, जवळ नेला आणि बदामाएवढ्या त्या जागेत, सावकाश, घट्ट दाबून, डोळा लावला. मग गल्लीकडे तोंड केले. ती खाकरली.

"आयकी ल्या बठ्ठ्या! हाई भीत सुंदरबाईनी काढेल शे. सुंदरबाईनी! मना पोऱ्यानी चुना मारा, आनि मी, कुंदाबाई, मी बोलनू नही. आज बोलस. सुंदरबाईनी!"

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बंद झाला होता, त्यामुळे ते नाव गल्लीच्या पार टोकापर्यंत गेले. पुढच्या दोघीतिघींनी ते उच्चारून पाहिले; ज्यांनी तिला पाहिले नव्हते त्या सुनांनीही. कुंदाबाई वळली. तिच्या बोटावर काजळ तसेच होते आणि ते कुठे पुसावे हे तिला सुचत नव्हते.

"फिटनं का, व बाई?" तिने विचारले.

"फिटलं, आजी," मंजुळा म्हणाली; आणि त्या घटकेपासून तिच्या घरातल्या कोणाचेही बोरसेंकडे काही येणे निघत नव्हते.